वॉर्डचं टेबल आणि सिस्टर : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत वॉर्ड क्लार्कची आणि सिस्टरांची पत्रं सगळ्यात जास्त होती. तक्रार दोन्ही बाजूंनी आहे आणि बरीचशी एकाच टेबलाभोवती फिरते. नर्सिंगची आणि वॉर्ड ऑफिसची जबाबदारी सांभाळलेल्या आमच्या सल्लागारांनी ही उत्तरं दिली आहेत. पत्रं थोडक्यात छापली आहेत, नावं गाळली आहेत. ‘सिस्टर’ म्हटलं तिथे ब्रदरही धरावेत.

प्रश्न : मी चार वर्षं मेडिसिन वॉर्डात क्लार्क आहे. सकाळच्या हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना सिस्टर एकमेकींना पेशंटची माहिती देतात तेव्हा, मला कोणी बोलावत नाही. कोणाला सोनोग्राफीला न्यायचंय, कोण रात्रीतून आयसीयूत गेलं, हे मला फोन आल्यावर कळतं. डिस्चार्ज लांबला की मात्र ‘क्लार्कने फाइल पाठवली नाही’ असं नातेवाइकांच्या देखत ऐकवतात. सिस्टरांनी मला मोजावं म्हणून मी काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे आहे : हँडओव्हरला बोलावत नाहीत. बोलण्यातला सूर बदलायला वेळ लागेल, पण माहिती वेळेवर मिळण्याची सोय उद्यापासून होऊ शकते. ती झाली की निम्मे खटके आपोआप मिटतात, कारण ते मुळात माहिती न पोचल्यामुळेच उडतात.

तुम्हाला पूर्ण हँडओव्हर ऐकायची गरज नाही. कोणाची शुगर किती, कोणाचं ड्रेसिंग कसं, हे सिस्टरांचं सिस्टरांपाशी. हँडओव्हर संपल्यावर इनचार्ज सिस्टरची पाच मिनिटं मागा आणि ठरावीक गोष्टी लिहून घ्या : आज घरी कोण जाणार, नवीन किंवा बदलून कोण येणार, तपासणीला कोण किती वाजता जाणार आणि त्याला उपाशी ठेवायचंय का, ऑपरेशनला कोण, आयसोलेशनमध्ये कोण, एकसारख्या नावाचे दोन पेशंट आहेत का. आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे कोणत्या बेडला आज कोणती सिस्टर. एका साध्या कागदावर बेडनंबरांचा उभा रकाना आखा आणि त्यापुढे हे भरा. तो कागद दिवसभर फोनशेजारी राहू द्या. एक्सरेवाल्यांनी ‘चौदा नंबरचा पेशंट पाठवा’ म्हटलं की तुम्ही थेट त्या सिस्टरकडे जाल. हा कागद नसला की क्लार्क टेबलावरून हाक मारते, ती हाक पाच जणींना ऐकू जाते आणि प्रत्येकीला वाटतं दुसरी बघेल. पेशंट जागेवरच राहतो, तपासणीची वेळ टळते.

आता डिस्चार्ज. राउंडला डॉक्टर ‘यांना आज सोडा’ म्हणतात तेव्हा नातेवाइकांच्या दृष्टीने डिस्चार्ज झालेला असतो. प्रत्यक्षात तिथून साखळी सुरू होते. लेखी ऑर्डर, डिस्चार्ज समरी, न वापरलेली औषधं फार्मसीला परत, राहिलेल्या तपासण्यांची नोंद, बिल, घरी न्यायची औषधं, हाताची सुई काढणं, औषधं समजावून सांगणं, मग बेड मोकळा. यातली बिलासाठी फाइल पाठवण्याची पायरी तुमची. पण त्याआधीच्या पायऱ्या पुऱ्या झाल्याशिवाय तुम्हाला हात लावता येत नाही. सर्वाधिक वेळ दोन ठिकाणी जातो : तोंडी सांगणं आणि लेखी ऑर्डर यांच्या मधे, आणि उरलेली औषधं परत जाण्यात. औषधं परत गेल्याशिवाय बिल बंद होत नाही, आणि गडबडीत ती पेशंटच्या लॉकरमध्येच राहून जातात.

त्यासाठी वही घाला. प्रत्येक डिस्चार्जपुढे चार गोष्टींची वेळ लिहा : डॉक्टर बोलले, लेखी आली, औषधं परत गेली, फाइल गेली. दोन आठवडे न चुकता. मग इनचार्ज सिस्टरला ती वही एकटीला दाखवा. कोणाचं नाव घेऊ नका, फक्त वेळा दाखवा. ‘सिस्टर, साडेनऊला तोंडी झालं आणि लेखी दीडला आली, असं वारंवार होतंय. राउंडमध्येच सही घेता आली तर नातेवाईक टेबलावर येऊन बसणार नाहीत.’ हे तुमचं गाऱ्हाणं राहत नाही, वॉर्डाचा प्रश्न होतो, आणि इनचार्जला तो वर मांडता येतो. वॉर्डाचं काम कुठे अडतंय हे वेळेनिशी दाखवणाऱ्या माणसाला सहसा कोणी डावलत नाही.

प्रश्न : मी इनचार्ज आहे. आमची क्लार्क अतिशय चोख आहे. पण नव्या सिस्टर म्हणतात, ‘आम्ही दिवसभर उभ्या आणि त्या बसून.’ त्यांना समजावू कसं?

उत्तर : समजावू नका, बसवा. राउंड संपल्यानंतरचा एक तास नव्या सिस्टरला क्लार्कशेजारी बसवा. हातात कागद, त्यावर रेघा मारायच्या : फोनची एक, नातेवाइकाची एक, डॉक्टरांची एक, बेलची एक, ट्रॉली घेऊन आलेल्या मामांची (वॉर्डबॉयची) एक. काम करायचं नाही, फक्त मोजायचं. तास संपल्यावर त्या कागदावर वेगळं काही बोलावं लागत नाही.

मोजून झाल्यावर मात्र तिला एक गोष्ट जवळून दाखवा. क्लार्क नऊ नंबरच्या पेशंटच्या रक्ताचा फॉर्म भरतेय. पेशंटच्या स्टिकरचा कागद फाइलला लावलेला आहे. फोन वाजतो, सहा नंबरबद्दल विचारणा असते, म्हणून ती सहाची फाइल नऊच्या फाइलवर उघडते. उत्तर देते, फोन ठेवते, हात पुन्हा फॉर्मकडे जातो आणि स्टिकर वरच्या फाइलमधून निघतो. फॉर्म नऊचा, स्टिकर सहाचा. नशीब चांगलं असेल तर ट्यूबवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव जुळत नाही म्हणून लॅब सॅम्पल नाकारते आणि पेशंटला दुसऱ्यांदा टोचावं लागतं. नशीब वाईट असेल आणि तोच चुकीचा स्टिकर ट्यूबवरही लागला, तर सगळं जुळतं आणि चुकीचा रिपोर्ट चुकीच्या फाइलला जातो. रक्तगटाच्या सॅम्पलमध्ये हे झालं तर ते जिवावर बेततं. म्हणूनच ट्यूबला लेबल पेशंटच्या अंथरुणाशी, रक्त काढणाऱ्यानेच, नाव विचारून लावायचं. टेबलावर आधी लेबल लावून ठेवलेल्या ट्यूब हा पक्का धोका आहे. ‘क्लार्क, जरा स्टिकर लावून ठेव ना’ असं म्हणणारी सिस्टर स्वतःचं काम सोपं करत नाही, तपासणीचा शेवटचा आडोसा काढून घेते.

यातून वॉर्डाला दोन नियम मिळतात. टेबलावर एका वेळी एकच फाइल उघडी. दुसरी हवी असेल तर पहिली बंद. आणि क्लार्क डॉक्टरांनी लिहिलेल्या ऑर्डर उतरवत असताना तिला हाक मारायची नाही. पेशंटची प्रकृती बिघडली असेल तेवढा अपवाद. ऑर्डर उतरवणं चालू असल्याची पाटी टेबलावर उभी करा. पहिल्या आठवड्यात ती पाटी तुम्ही स्वतः पाळा, बाकीच्या पाळतील.

जेवणाचंही बघा. क्लार्क जेवायला गेली की फोन कोणाकडे, हे रोजच्या ड्यूटीच्या कागदावर नावानिशी लिहा. बऱ्याच वॉर्डांत ते कोणाचंच नसतं, म्हणून ती टेबलावरच डबा उघडते आणि दोन घासांमध्ये फोन घेते. ‘तुझं जेवण महत्त्वाचं नाही’ हे याहून स्पष्ट कसं सांगणार? आणि त्या अर्ध्या तासात फोन घेणाऱ्या सिस्टरला टेबल काय असतं तेही कळतं.

नावावरूनही एक सांगावंसं वाटतं. अमेरिकेत १९८० साली या कामातल्या लोकांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना उभी केली, आणि ‘क्लार्क’ऐवजी ‘हेल्थ युनिट कोऑर्डिनेटर’ हे नाव तिथे रूढ झालं. नाव बदलून पगार वाढत नाही हे खरं. पण समन्वय हे या कामाचं खरं वर्णन आहे. तुमच्या क्लार्कला निदान तिच्या नावाने हाक मारायची सवय वॉर्डाला लावा. पेशंटला आपण बेडनंबर म्हणू नये असं शिकवतो, तेच टेबलावर बसलेल्या माणसालाही लागू आहे.

प्रश्न : लॅबमधून तातडीच्या रिझल्टचा फोन येतो. सिस्टर कामात असते आणि लांबूनच म्हणते, ‘तूच लिहून घे.’ नाही म्हटलं तर राग येतो. लिहून घ्यावं का?

उत्तर : नाही. यात मानापमानाचा प्रश्न आणू नका, तुम्हीही नाही आणि सिस्टरनेही नाही. जिवाला धोका दाखवणारा रिझल्ट आणि डॉक्टरांनी फोनवर सांगितलेली औषधाची ऑर्डर, या दोन गोष्टी क्लार्कने घ्यायच्या नसतात.

कारण ऐका. लॅब सांगते, पोटॅशियम सहा पॉइंट आठ. आकडा तुम्ही बरोबर लिहाल. पण सिस्टर त्याच फोनवर विचारेल, सॅम्पल हिमोलाइज्ड होतं का? रक्त काढताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटा वाढतो. तो खरा असेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून ती एकीकडे डॉक्टरांना कळवेल आणि दुसरीकडे ईसीजीची तयारी करेल. हा प्रश्न विचारणं आणि उत्तरावर हालचाल करणं तिच्या शिक्षणाचा भाग आहे. मधे तुम्ही आलात की प्रश्न विचारलाच जात नाही, आणि चिठ्ठी तिच्या हातात पडेपर्यंत जी वीस मिनिटं जातात त्यांचा हिशेब कोणाकडेच नसतो.

फोन असा हाताळा. लॅबवाल्यांना ‘होल्ड करा, सिस्टरला देते’ म्हणा. फोन करणाऱ्याचं नाव, पेशंटचं पूर्ण नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर एवढंच लिहा. त्या बेडच्या सिस्टरकडे चालत जा, हाक मारू नका, आणि सांगा, ‘बेड अकरा, लॅबचा तातडीचा फोन, लाइनवर आहेत.’ तिचे हात निर्जंतुक कामात असतील तर शेजारच्या बेडच्या सिस्टरकडे, तीही नसेल तर इनचार्जकडे. जी येईल ती आकडा लिहील, लिहिलेलं परत वाचून दाखवेल, वेळ टाकेल आणि पुढे कोणाला कळवलं ते लिहील. इंग्रजीत ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून आकडे सुटे सुटे वाचायचे : वन फाइव्ह, फाइव्ह झीरो.

ओळख पटवायला दोन खुणा हव्यात, आणि बेडनंबर ही त्यातली एकही नाही, कारण बेड बदलतात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००३ साली लागू केलेल्या पेशंटसुरक्षेच्या पहिल्याच उद्दिष्टांत हे दोन्ही होतं : दोन खुणा, आणि फोनवर ऐकलेलं परत वाचून दाखवणं.

सिस्टर रागावली तर शांतपणे म्हणा, ‘सिस्टर, मी लिहून घेतलं आणि चुकलं तर तुमच्याच अंगाशी येईल. फोन धरून ठेवलाय, तुम्ही या.’ रोज असं होत असेल तर इनचार्जकडून लेखी सूचना लावून घ्या, म्हणजे नकार तुमचा राहणार नाही, वॉर्डाचा नियम होईल.

प्रश्न : मी स्टाफ नर्स आहे. आमचा क्लार्क ऑर्डर उतरवताना चुका करतो. बोललं की दुखावतो आणि नंतर दोन दिवस तुटक वागतो. कसं सांगावं?

उत्तर : बाजूला घेऊन, त्याच दिवशी, कागद हातात धरून. ‘तू नेहमीच चुकतोस’ हे सांगणं नव्हे. ‘इथे एक वेळ लिहिलंय, मूळ ऑर्डरमध्ये दोन वेळा आहे’ हे सांगणं. आणि त्यानंतर थांबून विचारा की इथे कशामुळे गडबडलं. अनेकदा उत्तर मूळ कागदावरच असतं. अक्षर वाचता येत नाही, ऑर्डर पानाच्या कडेला कोंबलेली असते, किंवा तुम्हीच तळहातावर लिहून आणलेलं घाईत तोंडी सांगितलेलं असतं.

लिहिण्याच्या काही सवयी मुळातच घातक आहेत. १.० लिहिलं आणि टिंब पुसट झालं की ते १० होतं. टिंबाआधी शून्य न घालता .५ लिहिलं की ५ वाचलं जातं. युनिटसाठी नुसता इंग्रजी यू काढला की तो शून्यासारखा दिसतो, आणि इन्सुलिनचे ४ युनिट ४० होतात. जॉइंट कमिशनने २००४ साली ‘वापरू नका’ अशी यादीच काढली, त्यात हे तिन्ही आहेत. ही यादी टेबलाच्या काचेखाली ठेवा आणि डॉक्टरांनी असं लिहिलं तर क्लार्कने तुम्हाला दाखवायचं असं ठरवा.

त्याने विचारलं की वैतागू नका. इथे आम्हाला कळकळीने सांगायचंय : ‘एवढंही वाचता येत नाही का’ असं एकदा ऐकलेला माणूस पुढच्या वेळी विचारणार नाही, अंदाजाने लिहील. ती चूक पेशंटपर्यंत पोचली की त्यात तुमचं ते वाक्यही असतं.

आणि उतरवलेली प्रत्येक ओळ मूळ ऑर्डरशी ताडून मगच सही आणि वेळ टाका. न बघता सही केली असेल तर चूक एकट्या क्लार्कची उरत नाही.

प्रश्न : नातेवाईक मलाच विचारतात, ‘यांना पाणी देऊ का?’ सिस्टर दिसत नसतात. काय सांगू?

उत्तर : ‘सिस्टरला विचारून सांगते, तोवर देऊ नका.’ कालपर्यंत चालत होतं म्हणून आज चालेल असं नसतं. आज भुलीखालची तपासणी असू शकते, किंवा गिळताना ठसका लागतो म्हणून पाणी थांबवलेलं असू शकतं. हो किंवा नाही तुम्ही ठरवू नका, पण विचारल्याशिवाय सोडूही नका.

प्रश्न : आता डॉक्टर ऑर्डर थेट कॉम्प्युटरवर टाकतात. सिस्टर म्हणतात, ‘आता तुमचं काय काम?’ खरंच काम संपलंय का?

उत्तर : ऑर्डर उतरवून काढायचं काम गेलं, आणि ते गेलं हे बरंच झालं. पण कॉम्प्युटर तपासणीची मागणी पाठवतो, पेशंटला नेत नाही. व्हीलचेअर आली तेव्हा पेशंट बाथरूममध्ये, आणि एमआरआयच्या फॉर्मवर पेसमेकरचा रकाना कोरा, हे त्याला दिसत नाही. फॉर्म पुढे जाण्याआधी कोरा रकाना बघून सिस्टरला ‘हे भरायचं राहिलंय’ म्हणणारा माणूस टेबलावरच असतो.

रक्ताची पिशवी मागवतानाचंच बघा. पिशवी फ्रिजबाहेर आली की घड्याळ चालू होतं. लाल पेशींची पिशवी बाहेर अर्ध्या तासाहून जास्त राहिली तर साधारणपणे परत घेत नाहीत, आणि चढवायला घेतली तरी चार तासांत संपायला हवी. मामांना रक्तपेढीत धाडण्याआधी ‘सिस्टर, सुई चालू आहे ना? टेंपरेचर घेतलं का?’ एवढं विचारणारी क्लार्क अख्खी पिशवी वाचवते. सुई बंद पडली असेल तर नवीन लावेपर्यंत पिशवी टेबलावर पडून राहते.

आणि सिस्टीम बंद पडते त्या दिवशी कोरे फॉर्म कोणत्या खणात आहेत, लॅबला हाताने लिहिलेलं कसं चालतं, सिस्टीम सुरू झाल्यावर काय काय भरायचं, हे सगळा वॉर्ड तुम्हालाच विचारतो. कोऱ्या फॉर्मचा खण महिन्यातून एकदा तपासत जा.

प्रश्न : सिस्टर पेशंटच्या नातेवाइकांसमोर माझ्यावर ओरडतात. तिथल्या तिथे उत्तर द्यावं का?

उत्तर : तिथे फक्त कामाचं बोला : ‘बघते सिस्टर, पाच मिनिटांत सांगते.’ नातेवाइकांसमोर दोघींची जुंपली की त्यांचा वॉर्डावरचा विश्वास जातो आणि पुढचा राग सगळ्यांनाच झेलावा लागतो. पण विषय सोडू नका. शिफ्ट संपण्याआधी त्याच सिस्टरला एकटीला गाठा. ‘फाइल उशिरा गेली हे खरं. पण नातेवाइकांसमोर बोललात, त्यानंतर ते मला काही विचारायला तयार नाहीत. पुढच्या वेळी मला आत बोलावून सांगा.’ आधी काय झालं, मग त्याचा परिणाम, मग काय हवं. पुन्हा झालं तर तारीख, वेळ आणि शब्द जसेच्या तसे लिहून इनचार्जकडे द्या. शिवीगाळ किंवा अंगावर धावून येणं असेल तर दुसऱ्या वेळेची वाट बघू नका.

प्रश्न : आमच्याकडे रात्री क्लार्क नसतो. सकाळी टेबलाची दशा बघवत नाही, सिस्टर म्हणतात आम्हाला वेळ नव्हता. दोघांचंही बरोबर वाटतं.

उत्तर : दोघांचंही बरोबरच आहे, म्हणून तयारी दोन्हीकडून हवी. जाताना ॲडमिशनच्या कोऱ्या फाइलींचे चार-पाच संच लावून ठेवा, फॉर्म ज्या क्रमाने भरतात त्याच क्रमाने. प्रिंटरमध्ये कागद आणि स्टिकरचा रोल भरा. रात्री दोन वाजता रोल बदलण्याइतका त्रास दुसऱ्या कशाचा नसतो. उद्या सकाळी तपासणीला जाणाऱ्यांची यादी आणि कोणाला किती वाजल्यापासून उपाशी ठेवायचं ते मोठ्या अक्षरात, रात्रीच्या इनचार्जच्या हातात द्या.

सिस्टरांकडून दोनच गोष्टी मागा. रात्री आलेला प्रत्येक सुटा कागद एकाच ट्रेमध्ये, त्यावर बेडनंबर नव्हे तर पेशंटचं नाव. आणि रात्रीत पेशंटची जागा बदलली तर फोनशेजारच्या बेडच्या कागदावर तेव्हाच खाडाखोड. सकाळचा पहिला फोन तुम्ही त्या कागदाच्या भरवशावर घेणार असता.